समोरच्या घरची चौकशी

मुलगी दाखवणं आणि घर दाखवणं यांत मला एकच फरक आढळला. मुलीला फार राग आला तर ती उठून आत जाऊ शकते. घराला तीही सोय नसते. परका माणूस येतो, भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करतो, नळ सोडून बघतो, संडासात डोकावून नाक उडवतो, आणि जाताना दारात चपला घालत म्हणतो, "घरी विचारून कळवतो." घर बिचारं जागच्या जागी उभं राहून सगळं ऐकून घेतं. माझंही तसंच झालं. मी घराचा मालक असल्यामुळे मला तर पुन्हा हसूनही दाखवावं लागे.

आमचं घर जे. पी. नगरातल्या एका गल्लीत आहे. समोरासमोर दोन गाड्या आल्या तर एकीला नमतं घ्यावं लागतं, एवढी ती गल्ली. खाली दोन खोल्या, वर दोन, फाटकाशी शेवग्याचं झाड. घरात मी, माझी बायको आसावरी आणि माझी थोरली बहीण ठकुबाई, म्हणजे अक्का; तिचा मी अजून सत्याच. आम्ही मूळचे निपाणीकडचे. बंगळुरात इतकी वर्षं काढल्यावर आता मराठी उंबऱ्याच्या आत, कानडी उंबऱ्याच्या बाहेर आणि भांडण दोन्हीत, अशी आमची वाटणी झालेली आहे.

घर विकायचं कारण आमची मुलगी प्रणिता. ती हेब्बाळला राहते. आम्ही शहराच्या या टोकाला, हेब्बाळ त्या टोकाला, आणि मध्ये सगळं बंगळूर आपापल्या गाड्या काढून उभं. तिला मुलगा झाला. एकदा मी त्याला बघायला सकाळी निघालो तेव्हा तो पालथा पडत नव्हता; पोचलो तेव्हा पडायला लागला होता. संक्रांतीनंतर प्रणिताची रजा संपणार, आणि बाळाला सांभाळायला कुणी नसेल तर तिला नोकरी सोडावी लागणार. तेव्हा ठरलं की हे घर विकायचं आणि तिच्याच सोसायटीत फ्लॅट घ्यायचा. ठरवायला आम्हाला एक कॉफी पुरली. पुढच्या सगळ्याला मात्र पुष्कळच कॉफी लागली.

मंजुनाथ नावाचा दलाल गल्लीतल्या इस्त्रीवाल्यानं मिळवून दिला. त्यानं घर पाहिलं, शेवग्याची एक शेंग तोडून पिशवीत टाकली आणि म्हणाला, "अण्णा, मार्केट स्वल्प स्लो आहे."

या 'स्वल्प' शब्दाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. बंगळुरात तासभर गाडी हलली नाही की स्वल्प ट्रॅफिक असतं. नवरा-बायको कोर्टात उभे राहिले की त्यांच्यात स्वल्प प्रॉब्लेम असतो. तेव्हा बाजार स्वल्प मंद आहे याचा अर्थ मला लगेच समजला. लोकांना आता पोहण्याच्या तलावाचे फ्लॅट हवे असतात, पोहायला येत नसलं तरी. आमच्यासारखी जुनी घरं नुसती बघायला येतात, देवळासारखी. यावर उपाय म्हणजे घराला सजवायचं, आणि त्यासाठी मंजुनाथनं इंदिरानगरहून रक्षिताला आणलं. तिच्या व्यवसायाचं नाव तिनं मला दोनदा सांगितलं. माझ्या समजुतीप्रमाणे ती घरांना पावडर-कुंकू करते.

रक्षिता घरभर फिरली, फोटो काढले आणि गंभीर झाली. "अंकल, बायरला इथं आपली लाइफ इमॅजिन करता आली पाहिजे. सध्या इथं सगळीकडे तुमचीच लाइफ आहे."

आमच्या घरात आमचं आयुष्य सापडल्याबद्दल मला अपराधी वाटलं. मग ते हटवायला सुरुवात झाली. कॅलेंडर गेलं. लग्नाचा फोटो गेला. देवांवर पडदा आला. आसावरीच्या लोणच्याच्या बरण्या पलंगाखाली गेल्या, त्यामुळे ती जेवताना ताट सोडून निजायच्या खोलीत जाऊ लागली. जेवणाच्या टेबलावर एक निळा काचेचा वाडगा आला आणि त्यात पिवळीधमक लिंबं. ती खायची नव्हती, बघायची होती. अक्कानं दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, अशानं लिंबं सुकतात, आणि तिनं त्यांचं लोणचं घातलं. बरणी पलंगाखाली गेली. रक्षितानं मग काही न बोलता प्लास्टिकची लिंबं आणून ठेवली.

शेवटी रक्षिता खिडकीशी आली. तिथं एक वेताची आरामखुर्ची असते. संध्याकाळी त्या खिडकीतून शेवग्याच्या फुलांवरून चाळून वारा येतो, आणि तेवढ्या वेळेला अक्का त्या खुर्चीत बसून काहीबाही गुणगुणत असते. जात्यावरच्या ओव्या. जातं निपाणीला राहिलं, ओव्या बरोबर आल्या. मिक्सर लावला तरी ती त्याच्या घरघरीला एखादी ओवी जोडते. मिक्सर लवकर थांबतो, ओवी राहते.

"ही चेअर पण," रक्षिता म्हणाली. ती खुर्चीकडे बघत होती, खुर्चीतल्या माणसाकडे नव्हे.

अक्काला इंग्रजी येत नाही, पण 'चेअर' येतं. ती उठली. पदर सारखा केला आणि बाजूला उभी राहिली, बसमध्ये कुणी आपली जागा आहे म्हणून सांगितल्यावर उभं राहावं तशी.

मंजुनाथनं मला अंगणात नेऊन हळू आवाजात खुलासा केला. घरात म्हातारं माणूस दिसलं की गिऱ्हाइकाला वाटतं, वारसाहक्काची भानगड आहे. मी स्वतः अक्काहून काही फार लहान नाही. पण माझ्या म्हातारपणाबद्दल तो काही बोलला नाही; सही माझी लागणार होती. तेव्हा असं ठरलं की गिऱ्हाईक यायच्या वेळेला अक्कानं समोरच्या तुंगाबाईंकडे जाऊन बसायचं. तुंगाबाई दावणगेऱ्याच्या. त्यांच्या दारापुढं ऐसपैस कट्टा आहे आणि गल्लीतलं मांजरसुद्धा त्यांना सांगितल्याशिवाय रस्ता ओलांडत नाही. त्यांना आनंदच झाला. रोज खुर्ची उचलून नेणार कोण, म्हणून खुर्चीही त्यांच्याच कट्ट्यावर राहिली. अक्काही मग तिथंच जास्त वेळ राहू लागली. घर एकदम मोठं दिसू लागलं. मी ते रक्षिताचं कौशल्य समजलो.

यानंतर रंग. आमचं घर निळं होतं. रक्षितानं निवडलेल्या पांढऱ्या रंगाचं कंपनीच्या कार्डावरचं नाव पहाटेच्या कुजबुजीसारखं काहीतरी होतं. निपाणीत त्याला चुना म्हणतात. रंग सुरेख बसला. फक्त पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, तिनं आठवड्यात ती कुजबुज फुगवून दाखवली. फुग्याचा आकार नकाशासारखा होता. आम्हा सीमेवरच्या माणसांना नकाशा दिसला की राहवत नाही. त्यात बेळगाव नेमकं कुठं येतं यावरून माझं आणि आसावरीचं एक संध्याकाळभर वाजलं. दुसऱ्या दिवशी रक्षितानं तिथं पुरुषभर उंचीचा आरसा लावला.

आरसा बघायला पलीकडचे निवृत्त इंजिनियर आले. त्यांनी नोकरीत पूल बांधले आणि निवृत्तीनंतर वास्तुशास्त्र धरलं. ते म्हणाले, पश्चिमेला आरसा म्हणजे संपलंच. लक्ष्मी दारातून आत येते, समोर स्वतःलाच बघते, तिला वाटतं इथं आधीच कुणीतरी आलेलं आहे, आणि ती पाऊल मागं घेते. लक्ष्मीला आरसा दिसू नये, म्हणून आरशापुढं एक मोठी कुंडी ठेवली. कुंडीला रोज पाणी. ते पाणी झिरपून त्याच भिंतीला. म्हणजे आत्तापर्यंत भिंत बाहेरून भिजत होती, आता आम्ही तिला आतूनही पाणी घालू लागलो.

मध्येच एका सरकारी कचेरीत माझ्या लक्षात आलं की आमचं घर नाहीच. कागदोपत्री तिथं रिकामी जागा होती. मी त्या रिकाम्या जागेत वीसेक वर्षं घरपट्टी भरत राहत होतो, हे तिथल्या बाबूंना मुळीच विचित्र वाटलं नाही. घराचा पुरावा म्हणून मी घरासमोर उभा राहिलेला फोटो दिला. तो रंगाच्या आधीचा. तपासायला साहेब आले, त्यांनी फोटोतलं निळं घर आणि समोरचं पांढरं घर पाहिलं आणि शेरा मारला की फोटोतलं घर जागेवर आढळलं नाही. मी म्हणालो, फोटोतला माणूस तरी आढळला ना? ते म्हणाले, माणूस कुठंही उभा राहू शकतो. शेवटी त्यांनी नखानं पांढरा रंग खरवडला, खालून निळा निघाला, तेव्हा त्यांचा विश्वास बसला. भिंतीवर तो निळा ओरखडा अजून आहे. सरकारनं आम्हाला मान्यता दिल्याची तेवढीच खूण.

आता गिऱ्हाइकं येऊ लागली. रक्षिताची आज्ञा होती की माणसं येण्याआधी घरात कॉफीचा वास दरवळला पाहिजे. नुसता वास. पण दारात आलेल्याला वास देऊन कॉफी न देणं हे आसावरीच्या हातून होईना, आणि नुसती कॉफी तरी कशी द्यायची, म्हणून चिवडा आला. लोक आले, बसले, खाल्लं, प्यायले. वारा किती छान म्हणाले. लिंबं किती ताजी म्हणाले. मी वरच्या खिडकीतून त्यांना जाताना बघत असे. फाटकाबाहेर ते थांबायचे, घराकडे वळून बघायचे, समोर तुंगाबाईंच्या कट्ट्यापाशी बराच वेळ रेंगाळायचे. मला वाटे, सुंदर वस्तू थोडी लांबूनच बघावी लागते.

त्यानंतर त्यांच्यातलं कुणीही कळवत नसे. घरी विचारतो म्हणून गेलेला माणूस घरी पोचतच नसावा, असं मला वाटू लागलं. मंजुनाथ फोन करून विचारायचा, तर लोक उलट माझ्या तब्येतीची चौकशी करायचे. मला त्याचा अर्थ लागेना.

इकडे प्रणिताचा फोन यायचा. "झालं का बाबा काही?" मी म्हणायचो, होईल की. "काही काळजी करू नका," असं ती म्हणायची, आणि फोन ठेवायच्या आधी थोडी गप्प राहायची. त्या गप्प राहण्यात मागं बाळाचा आवाज यायचा. एकदा तिनं सहज सांगितलं की साहेबांना राजीनाम्याबद्दल विचारून ठेवलंय, नुसतं विचारून. त्या दिवशी आसावरीनं चिवड्यात मीठ दोनदा घातलं.

मग मंजुनाथनं एक बिल्डर आणला. तो घरात आलाच नाही. काळा चष्मा न काढता फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत पावलं टाकत गेला, शेवग्याकडे पाहून मान हलवली आणि गाडीत जाऊन बसला. त्याला घर नको होतं, घराखालची जमीन हवी होती. दिवाळीपर्यंत दुसरं कुणी मिळालं नाही तर तो घेणार, पाडणार आणि खांबांवर चार मजले उभे करणार. आसावरी कॉफीचा पेला घेऊन दारात उभीच राहिली. मला आयुष्यात पुष्कळांनी नकार दिले आहेत. पण इतकं न बघता कुणी पसंत केलं नव्हतं.

दिवाळीच्या तीन आठवडे आधी एक तरुण जोडपं आलं, मुंबईकडचं. मुलगी प्रत्येक खोलीत "किती कोझी" म्हणत होती. जाताना ती म्हणाली की उद्या आईला घेऊन येतो, आमचं जवळजवळ ठरलंच आहे. ती गेल्यावर मला दिसलं की तिची छत्री राहिली. मी छत्री घेऊन धावलो. ती दोघं तुंगाबाईंच्या कट्ट्यापाशी उभी होती आणि वेताच्या खुर्चीतून माझ्या ओळखीचा आवाज येत होता.

"पश्चिमेची भिंत," अक्का सांगत होती. "आरशाच्या मागं हात घालून बघ. पावसात रडते ती."

"आणि पाणी, आजी?"

"नळाला दिवसाआड येतं. बोअरचा उन्हाळ्यात भरवसा नाही."

"शेजारी कसे आहेत?"

"पलीकडं इंजिनियर राहतात. सल्ला देतात, दिलेला परत घेत नाहीत. आणि हे बघ, जिन्याची वरून तिसरी पायरी अंगुळभर उंच आहे. घरमालक वर्षातून एकदा तिथं पडतात."

घरमालक छत्री घेऊन मागं उभे होते. मुलीनं वळून पाहिलं, छत्री घेतली आणि "थँक यू अंकल, काळजी घ्या हं," म्हणाली. आजवरच्या सगळ्या गिऱ्हाइकांनी माझी तब्येत का विचारली, ते मला त्या एका वाक्यात समजलं.

घरी आल्यावर मी बोललो. पुष्कळ बोललो. प्रणिताचं, बाळाचं, बिल्डरचं, माझ्या अब्रूचं, आणि विशेषतः त्या पायरीचं. अक्कानं सगळं ऐकून घेतलं.

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं," ती म्हणाली. "आपण होऊन मी एक शब्द बोलले नाही."

"पण खोटं बोल कोण म्हणतंय? नुसतं 'घर चांगलं आहे' म्हणायला काय झालं होतं तुला?"

अक्का पलंगावर बसली होती. खुर्ची समोरच्या कट्ट्यावर होती ना.

"माझं ठरत होतं तेव्हा बाबा कागलला गेले होते चौकशीला," ती म्हणाली. "त्यांच्या समोरच्या घरी जाऊन विचारलं, मुलगा कसा आहे? समोरची बाई म्हणाली, सोन्यासारखा आहे. त्याचा मिरजेला दुसरा संसार होता, सत्या. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्या बाईनं वाईट मनानं नाही सांगितलं, शेजारधर्म म्हणून सांगितलं. तिला नुसतं 'चांगला आहे' म्हणायला काय झालं, तिचं काय गेलं?" मग ती म्हणाली, "समोरच्या कट्ट्यावर बसून कुणी मला विचारलं, तर मला त्या बाईसारखं होता येत नाही. तिथं नेऊन तूच बसवलंस मला."

आसावरी उठली, समोर गेली आणि ती वेताची खुर्ची डोक्यावर पालथी घेऊन गल्ली ओलांडून आली. खिडकीशी ठेवली. प्लास्टिकच्या लिंबांचा वाडगा तिनं टीव्हीमागं सरकवला. मी अक्काकडून एवढंच कबूल करून घेतलं की आता गिऱ्हाईक आलं तर ती आतच बसेल आणि कुणी विचारल्याशिवाय बोलणार नाही. मनाशी म्हणालो, आत बसलेल्या म्हातारीला कोण काय विचारतंय? तेवढा हिशेब मीही केला होता, नाही असं नाही.

मुंबईकडची मुलगी दुसऱ्या दिवशी आईला घेऊन आली नाही. आकाशकंदील लागायला सुरुवात झाली आणि बिल्डरनं मंजुनाथकडून निरोप पाठवला की शेवगा आधीच तोडून ठेवता आला तर बरं. मी तो निरोप घरात सांगितला नाही.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी एक बाई आली, भाग्यलक्ष्मी म्हणून. अथणीकडची, घरी कानडी पण मराठी येणारी. बरोबर तिचा नवरा संतोषकुमार. तो कशालाच काही बोलत नव्हता. तिनं चिवडा घेतला, कॉफी घेतली, घर पाहिलं, पण किती छान असं एकदाही म्हणाली नाही. मग म्हणाली, जरा समोर जाऊन येते. मला हायसं वाटलं. समोर आता फक्त तुंगाबाई होत्या, आणि आमचं घर खपावं म्हणून त्यांनी मारुतीला नारळ बोललेला होता.

भाग्यलक्ष्मी लगेच परत आली. "समोरच्या बाई म्हणाल्या, घर सोन्यासारखं आहे."

खिडकीशी अक्का वाती वळत होती. तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"पण मला त्या बाई नको होत्या," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "आमच्या ऑफिसातली एक मुलगी इथं येऊन गेली. तिची छत्री विसरली होती. तिनं सांगितलं, समोर एक आजी बसतात, विचारलं तर सगळं खरं सांगतात. म्हणून तर आले मी. आत्ता राहतो तो फ्लॅट घेताना सगळे आम्हाला छान छान म्हणाले, आणि पहिल्या पावसात आमच्या पलंगावर पाणी. त्या आजी कुठं असतात?"

अक्का काही बोलली नाही. तिला कुणी विचारलं नव्हतं, मला विचारलं होतं. माझ्या डोळ्यांपुढून प्रणिता गेली, बाळ गेलं, काळा चष्मा गेला. मी 'त्या गावाला गेल्या' म्हणू शकलो असतो. दिवाळीत माणसं गावाला जातातच.

"अक्का," मी म्हणालो, "सांग की त्यांना."

आणि अक्कानं सांगितलं. भिंत, नळ, बोअर, इंजिनियर. भाग्यलक्ष्मीनं कुंडी बाजूला केली, आरशामागं हात घातला, ओली बोटं पदराला पुसली. पायरी कुठली ते मी दाखवायला गेलो आणि तिथंच पडलो. त्या वर्षीचं राहिलं होतं, तेवढं उरकलं. संतोषकुमारनं मला उचललं.

"हे झालं," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "आता चांगलं काय आहे ते सांगा, आजी."

अक्कानं वात खाली ठेवली. "हे कुणी विचारलंच नव्हतं," ती म्हणाली. आणि मग जरा वेळानं, "या खिडकीत दिवेलागणीला बस. शेवग्याला फुलं आली की वारा गोड होऊन येतो. समोरची तुंगाबाई रोज काहीतरी मागायला येते. तिला काही नको असतं, आपण आहोत का ते बघून जाते. आणि मी इथं आले तेव्हा टाकलेली बाई होते. या घरात मला कुणी कधी विचारलं नाही, की तू किती दिवस राहणार."

ते शेवटचं वाक्य ऐकून मी खुर्चीकडे पाहिलं. ती खुर्ची इतके दिवस कुठं होती, हे अक्कानं सांगितलं नाही. तेवढं एक तिनं त्या दिवशी झाकून नेलं.

भाग्यलक्ष्मीनं नवऱ्याकडे पाहिलं. "सरी," संतोषकुमार म्हणाला, म्हणजे कानडीत 'ठीक आहे'. सबंध व्यवहारात तो एवढंच बोलला.

मंजुनाथनं सगळ्यांना सांगितलं की ही सजावटीची करामत. रक्षिता येऊन आरसा आणि वाडगा घेऊन गेली. भिंतीवरचा नकाशा मोकळा झाला. भाग्यलक्ष्मीनं तो तसाच राहू द्या म्हटलं, उन्हाळ्यात ती बाहेरून नीट करून घेणार होती.

ताबा द्यायच्या दिवशी तिनं चुलीवर दूध ठेवलं, इकडच्या रीतीप्रमाणे ते उतू जाऊ दिलं. अक्कानं तिच्या ओटीत नारळ घातला, आणि मग मुलीची पाठवणी करताना विहिणीला सांगावं तसं हळू आवाजात, मिक्सरविना, तिला सांगितलं:

घर देते तुझ्या हाती, त्याची खोड ऐक बाई
मावळतीच्या भिंतीला, पावसात झोप नाही

मधलं दार कण्हतं, त्याला तेल नको घालू
घरी कुणी आलं गेलं, तेच लागे आधी बोलू

उणं सारं सांगितलं, गुण त्याचे तू शोधावं
सांजवेळी खिडकीशी, घडीभर गं टेकावं

भाग्यलक्ष्मीला ओवीतलं किती कळलं कोण जाणे, अथणीची असली तरी. पण तिनं त्या मधल्या दाराला हात लावला आणि ते कण्हलं, तेव्हा दोघीही हसल्या. आसावरी मात्र स्वयंपाकघरात उगाचच एक रिकामी बरणी पुसत राहिली.

संक्रांतीचा तिळगूळ आम्ही हेब्बाळला वाटला. प्रणिता कामावर रुजू झाली. बाळ आता धरून उभं राहतं आणि अक्काची ओवी थांबली की ओरडतं. आमच्या नव्या घराच्या बाल्कनीत कबुतरं फार आहेत आणि न्हाणीचा नळ दाबून बंद करावा लागतो, पण ते आम्हाला घेण्याआधीपासून माहीत आहे.

ते कसं, एवढंच सांगायचं राहिलं. हे घर आम्ही दुसरं पाहिलेलं. पहिलं पाहिलं ते वरच्या मजल्यावर. दार उघडताच कॉफीचा वास आला. कॉफी मात्र आली नाही. भिंती पहाटेच्या कुजबुजीच्या. देवांवर पडदा. पश्चिमेला पुरुषभर उंच आरसा, आरशापुढं कुंडी. आणि टेबलावर निळ्या काचेच्या वाडग्यात पिवळीधमक लिंबं. मालक हसून बघत होते. ते हसू मला ओळखीचं वाटलं. मी ते बरेच महिने वापरलेलं होतं.

अक्कानं एक लिंबू उचललं, अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि जागेवर ठेवलं. मग कुणाला काही न बोलता बाहेर गेली. समोरच्या फ्लॅटची बेल वाजलेली मला ऐकू आली. दार उघडलं, खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला.

"छानच आहे," मी मालकांना म्हणालो आणि सावकाश चपला घालायला लागलो. "घरी विचारून कळवतो."